‘तुमची अध्ययनशैली ओळखा’ कार्यशाळा, सोलापूर : एका विद्यार्थिनीचे परीक्षण

सात रस्ता परिसरातील एका खासगी शिकवणी वर्गाने एमबीबीएस, बी.एस्सी. नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या दोन दिवसांच्या या कार्यशाळेला मी १,२०० रुपये भरून गेले होते. बसण्याची सोय, चहा आणि वक्तशीरपणा यांविषयी माझी तक्रार नाही.

कार्यशाळेचा सारा डोलारा ‘व्हार्क’ प्रश्नावलीवर उभा होता. न्यूझीलंडच्या लिंकन विद्यापीठातील नील फ्लेमिंग यांनी १९८७ मध्ये तयार केलेली ही प्रश्नावली दृश्य, श्रवण, वाचन-लेखन आणि प्रत्यक्ष कृती यांपैकी आपला कल कशाकडे आहे, हे दाखवते. तिच्या १६ प्रश्नांपैकी कोणत्याही प्रश्नाला एकाहून अधिक पर्याय निवडण्याची मुभा असते. येथे मात्र एकच निवडण्याची सक्ती असल्यामुळे ज्यांचा कल मिश्र आहे त्यांनाही एकेका खान्यात कोंबण्यात आले. माझ्यावर ‘दृश्य’ असा शिक्का बसला आणि रोज व्हिडिओ पाहण्याचा सल्ला मिळाला. वास्तविक फ्लेमिंग यांच्या लेखी ‘दृश्य’ म्हणजे आकृत्या, नकाशे, आलेख. व्हिडिओ त्यात मोडतच नाहीत. शिवाय प्रश्न केवळ इंग्रजीत होते. घरी तेलुगू किंवा कन्नड आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या सोलापूरच्या मुलांचा कल मोजला गेला की इंग्रजी, हा प्रश्न मला अजूनही पडतो.

हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेऊन, ज्याच्या त्याच्या शैलीनुसार शिकवल्याने शिकणे सुधारते असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असे स्पष्ट केले होते. त्याचा उल्लेख दोन दिवसांत एकदाही झाला नाही.

दुसऱ्या दुपारचा एक तास मात्र खरोखर उपयोगी ठरला. पुस्तके मिटवून प्रत्येकाने ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे सी-५ ते टी-१ या पाच मुळांपासून हाताकडे जाणारे मज्जातंतूंचे जाळे, आठवून काढायचे, चुका शेजाऱ्याने दाखवायच्या आणि पुन्हा काढायचे. ‘श्रवण’वाल्यांनीही पेन्सिलच धरली, कारण ते जाळे काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही; उद्या हृदयाचे ठोके शिकताना आम्हा ‘दृश्य’वाल्यांनाही स्टेथोस्कोप कानाला लावावाच लागेल. कसे शिकायचे हे येथे विषय ठरवतो, शिक्का नव्हे.

पाचपैकी दोन तारे देते, तेही त्या तासाचे. आयोजकांनी तेवढाच भाग वेगळा ठेवला, तर मी पुन्हा पैसे भरून जाईन.