ज्येष्ठांच्या वसाहतीत आत्याचे २८ लाख कसे अडकले

माझ्या आत्याचे २८ लाख रुपये पुण्याजवळच्या एका ज्येष्ठांच्या वसाहतीकडे अडकून पडले आहेत. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, त्यामुळे वसाहतीचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर लिहितो. आपल्यापैकी बरेच जण सध्या आईवडिलांसाठी किंवा स्वतःसाठी अशा जागा बघत फिरतायत, म्हणून.

आत्या निवृत्त मुख्याध्यापिका. लग्न केलं नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या बिनलिफ्टच्या घरात एकटी राहायची. वसाहतीत जायचा निर्णय पूर्ण तिचा. "तुमच्याकडे चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी मला माझं कुलूप-किल्ली लागते," असं ती म्हणायची. म्हणजे एका भोळ्या म्हातारीला कुणी गंडवलं अशी ही गोष्ट नाही. तिने वही घेऊन प्रश्न विचारले होते, उत्तरं लिहून घेतली होती. ती वही आज आमच्या तक्रारीला जोडलेली आहे.

अशा जागा साधारण दोन प्रकारच्या असतात. एकात घर तुम्ही विकत घेता आणि सेवांचे पैसे दरमहा भरता. दुसऱ्यात घर तुमच्या नावावर होतच नाही. मोठं बिनव्याजी डिपॉझिट ठेवायचं, दरमहा शुल्क द्यायचं, सोडताना डिपॉझिट परत. आत्याने दुसरा प्रकार निवडला आणि तिचं गणित बरोबरही होतं. मागे वारसदार नाही, मग घर घेऊन ठेवायचं कुणासाठी? राहतं घर विकून २८ लाख डिपॉझिट भरलं. जेवण-साफसफाईसह महिन्याला ३२ हजार, ते पेन्शनमधून निघणार होते.

जागा दाखवायला जो व्यवस्थापक होता, तो अत्यंत गोड बोलायचा. "मॅडम, तुमच्यासारखी शिकलेली माणसं इथे हवीत." (पैसे भरल्यावर मॅडमची 'आजी' झाली, तेव्हाच माझ्या कपाळावर आठी आली होती.) त्याने तळमजल्यावरची नमुना खोली दाखवली. दाराला उंबरठा नाही, बाथरूममध्ये धरायला दांड्या, घसरणार नाहीत अशा टाइल्स, आणि कमोडशेजारी छतापासून जमिनीपर्यंत लोंबणारी लाल दोरी. पडलात तर ओढायची, खाली काउंटरवर घंटा वाजते, नर्स चोवीस तास. तिथेच एक वयस्कर जोडपं भेटलं. त्यांनी जागेचं इतकं कौतुक केलं की आम्ही परतताना त्यांच्याबद्दलच बोलत होतो. खूप नंतर कळलं, नवीन रहिवासी आणून दिला की त्यांना एका महिन्याचं शुल्क माफ व्हायचं. माणसं वाईट नव्हती. त्यांचंही डिपॉझिट तिथेच आहे, आणि नवीन माणूस आल्याशिवाय आपलं सुटणार नाही हे त्यांना आमच्याआधी समजलं होतं.

खरी चलाखी करारात झाली. मसुदा ईमेलवर आला, तो मी आणि आत्याने ओळन् ओळ वाचला. त्यात डिपॉझिट "जागा सोडल्यापासून ९० दिवसांत" परत, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. सहीच्या दिवशी मात्र समोर आला तो छापील गठ्ठा. बाहेर आणखी दोन कुटुंबं ताटकळत होती, नोटरी घड्याळ बघत होता आणि व्यवस्थापक पानं उलटत सहीची जागा बोटाने दाखवत होता. "तोच मसुदा आहे मॅडम, फक्त नावं भरलीत." प्रत्यक्षात त्या कलमातले मोजके शब्द बदलले होते. आता तिथे होतं, "सदर खोलीचे नवीन रहिवाशास पुनर्वाटप झाल्यापासून ९० दिवसांत." कलमाचा क्रमांक तोच, पानावरची जागा तीच.

करार शंभराच्या स्टॅम्पपेपरवर, फक्त नोटरी केलेला. वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (जागेवर हक्क न देता फक्त राहायची परवानगी देणारा) करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी जागा देणाऱ्याची असते. आम्ही विचारलं होतं. उत्तर मिळालं, "हा भाडेकरार नाहीच, हा सेवाकरार आहे. नोंदणी लागत नाही." पुढे प्रकरण चिघळल्यावर याच लोकांनी लेखी उत्तर दिलं की आत्या तिथे केवळ लायसन्सवर राहत होती, तिला खोलीवर कसलाही हक्क नाही. म्हणजे नोंदणीच्या वेळी सेवा, हक्काच्या वेळी लायसन्स.

जाहिरातीवर नाव बिल्डरचं होतं, जुनं आणि बऱ्यापैकी विश्वासाचं. करार मात्र झाला एका एलएलपीशी (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेशी), आणि चेकही तिच्याच नावाने. व्यवस्थापकाने सांगितलं, "आमचीच आहे, फक्त सेवांसाठी वेगळी काढली." कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कुठल्याही एलएलपीची मूलभूत माहिती फुकट दिसते. ही एलएलपी जेमतेम वर्षापूर्वी स्थापन झालेली आणि भागीदारांचं भांडवल एकूण एक लाख. इमारत तिच्या मालकीची नाही. म्हणजे ज्याच्याकडे पैसे, त्याच्याकडे जप्त करण्यासारखं काही नाही. आणि ज्याच्याकडे इमारत, तो म्हणतो माझा या बाईंशी व्यवहारच नाही. बिल्डरने आमच्या नोटिशीला अगदी हेच उत्तर दिलं.

जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाचा, क्यूआर कोडही होता. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पांच्या जाहिरातींवर तो बंधनकारक आहे. स्कॅन केला की खरोखर नोंदणीकृत प्रकल्प उघडायचा, नाव तेच, बिल्डर तोच. फक्त ती शेजारच्या विक्रीच्या इमारतींची नोंदणी होती, ज्येष्ठांच्या इमारतीचा त्यात उल्लेखच नव्हता.

पहिलं वर्ष चांगलं गेलं, हेही लिहायला हवं. जेवण बरं होतं, आत्याने तिथे वाचनमंडळ सुरू केलं, तब्येत सुधारली. खटकलं ते एवढंच की तिला मिळालेली खोली पहिल्या मजल्यावरची होती, बाथरूमला बोटभर उंबरठा होता आणि दांडी एकच होती. लाल दोरी मात्र होती.

दीड वर्षाने, एका पहाटे ती त्याच उंबरठ्याला अडखळून पडली. खुब्याचं हाड मोडलं. दोरी हाताशी होती, ओढली. परत ओढली. काही नाही. सकाळी चहावाला मुलगा दार वाजवेपर्यंत ती फरशीवर होती. 'चोवीस तास नर्स' म्हणजे दिवसा येऊन बीपी मोजणारी एक मुलगी, रात्री कुणीच नाही. ज्या रुग्णालयाशी टाय-अप असल्याचं सांगितलं होतं, तिथल्या काउंटरवर वसाहतीचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. शेवटी १०८ ला फोन करून अँब्युलन्स बोलावली ती त्या चहावाल्या मुलानेच.

ऑपरेशन झाल्यावर मी तिचे कपडे आणायला गेलो, तेव्हा ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बरोबर नेलं. त्याने दोरीच्या वरची पांढरी प्लेट उघडली. आत स्विच होता, स्विचला स्प्रिंग होती. वायर नव्हती. भिंतीतल्या पाइपात वायर ओढलेलीच नव्हती. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवला, तारीख-वेळेसकट.

रुग्णालयातून सुटायच्या आत वसाहतीचं पत्र आलं. करारात एक कलम होतं की ही वसाहत "स्वतंत्रपणे राहू शकणाऱ्या" ज्येष्ठांसाठी आहे, आणि रहिवासी तसा राहिला की नाही हे व्यवस्थापन ठरवेल. हे कलम मसुद्यातही होतं. त्याबद्दल आत्याने विचारलं होतं आणि उत्तर वहीत लिहिलेलं आहे : 'आजारपणात मदतनीस ठेवता येतो, कुणाला बाहेर काढत नाही.' आता पत्रात होतं की वॉकरवर चालणारी व्यक्ती या व्याख्येत बसत नाही, महिन्याभरात खोली रिकामी करावी. डॉक्टरांच्या मते ती काही महिन्यांत पूर्ववत चालली असती. ते मत कुणी विचारलंच नाही.

खोली सोडली आणि डिपॉझिटचा अर्ज दिला. उत्तर, पुनर्वाटप झालं की देऊ. नंतर तिचं पुस्तकांचं कपाट आणायला गेलो तर तिच्याच खोलीबाहेर ओल्या चपला, आत रेडिओ चालू. विचारलं तर म्हणाले, ते 'तात्पुरत्या मुक्कामाचे' पाहुणे आहेत, वाटप झालेलं नाही. त्या गृहस्थांशी बोललो. महिन्यामागून महिना मुक्काम वाढवत ते तिथेच राहत होते, तेही ३२ हजारांपेक्षा जास्त देऊन. खोली भरलेली, कागदावर मात्र रिकामी. हे किती वर्षं चालवायचं, त्याला करारात कसलीच मर्यादा नाही.

मग कायद्याच्या वाटा शोधल्या. बऱ्याच हितचिंतकांनी २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा सुचवला. तो प्रामुख्याने मुलांनी आणि वारसांनी सांभाळण्याबद्दल आहे, अशा व्यवहाराला उपयोगाचा नाही. पोलीस ठाण्यात 'हे दिवाणी प्रकरण आहे' एवढंच ऐकायला मिळालं. रेरा, म्हणजे गृहप्रकल्पांच्या कायद्याबाबत वकीलबाईंनी कलम २(ड) दाखवलं : ज्याला जागा भाड्याने दिली आहे, तो 'अलॉटी' (त्या कायद्याचं संरक्षण मिळणारा ग्राहक) नाही. घर विकत घेतलं असतं तर नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला मनाई असती आणि फसव्या जाहिरातीबद्दल कलम १२ खाली व्याजासह पैसे मागता आले असते. डिपॉझिटच्या प्रकारात या ढाली मिळतीलच असं नाही. माझ्या मते हा प्रकार या लोकांना आवडतो तो याचसाठी.

महारेराने मे २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. लिफ्ट, व्हीलचेअर जाईल असे ९०० मिलिमीटरचे दरवाजे, बाथरूममध्ये आधाराच्या दांड्या, न घसरणाऱ्या फरशा हे सगळं त्यात आहे आणि ते विक्रीकरारात लिहिणं अपेक्षित आहे. तुम्ही डिपॉझिटवर जागा घेत असलात तरी ही यादी बरोबर न्या आणि नमुना खोलीत नव्हे, तुम्हाला मिळणाऱ्या खोलीत टेप लावून बघा. दोरी ओढा. रात्री ओढा. कोण येतं, किती वेळाने येतं ते बघा. चाचणी मुक्काम देत नसतील तर तिथेच नमस्कार करून निघा.

कागदांपैकी सगळ्यात आधी परताव्याचं कलम वाचा. त्यात तारीख हवी किंवा दिवस हवेत, आणि ते तुम्ही जागा सोडल्यापासून मोजलेले हवेत. दुसऱ्या कुणाच्या येण्यावर तुमचे पैसे अवलंबून असतील, तर ते परत करायची कुणाला घाई नसते. मृत्यूनंतर रक्कम कुणाला, कशी, हेही तिथेच असायला हवं. इमारतीच्या मालकाची सही करारावर घ्या. तो नकार देत असेल तर नकाराचं कारण विचारत बसू नका. सहीच्या दिवशी मसुद्याची छापील प्रत जवळ ठेवा आणि पान पानाला लावून बघा, नोटरीला थांबू द्या. तोंडी आश्वासनं त्याच संध्याकाळी ईमेलने त्यांना पाठवा, 'आज आपण असं म्हणालात' एवढं पुरे.

आम्ही तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात केली. भरलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तिथे जाता येतं, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते आणि कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची आहे. २० ते ५० लाखांच्या टप्प्याला शुल्क फक्त हजार रुपये. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन भरता येतो. करारच अन्यायकारक आहे अशी स्वतंत्र मागणी करायची असेल तर मात्र राज्य आयोगाकडे जावं लागतं. वकीलबाईंनी तो मुद्दा बाजूला ठेवून सेवेतील त्रुटी आणि बदललेलं कलम यावर भर दिला. ईमेलचा मसुदा आणि छापील करार शेजारी शेजारी ठेवून त्यांनी पहिल्या पानावरच जोडलाय.

मागच्या तारखेनंतर समोरच्या वकिलाने बाहेर तडजोड सुचवली. निम्मी रक्कम लगेच देऊ, अट एकच, या व्यवहाराबद्दल कुठेही, काहीही लिहायचं-बोलायचं नाही. आत्याने तो कागद चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, दोन शुद्धलेखनाच्या चुका पेनने गोल केल्या आणि सही न करता परत पाठवला. हे सगळं मी लिहावं, असं त्यानंतर तीच म्हणाली.