प्रौढ वयातला पहिला हँडहेल्ड कन्सोल: स्विच, स्टीम डेक आणि इतर यंत्रांचे परीक्षण

आयुष्यात कधीच व्हिडिओ गेम न खेळलेल्या आणि आता चाळिशी-पन्नाशीत तो नाद करून पाहावा असे वाटणाऱ्या माणसाला हँडहेल्ड कन्सोलची, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रांची, प्रचलित परीक्षणे फारशी उपयोगी पडत नाहीत, कारण ती बहुधा लहानपणापासून खेळत आलेल्यांनी आपल्यासारख्याच वाचकांसाठी लिहिलेली असतात. त्यांत प्रोसेसरची ताकद आणि दर सेकंदाच्या फ्रेम यांची चर्चा भरपूर असते. खेळ मध्येच सोडून उठावे लागले तर काय होते, यंत्र अर्धा तास धरल्यावर मनगटाचे काय होते आणि पडद्यावरची अक्षरे चष्मा लावून तरी वाचता येतात का, हे मात्र क्वचितच सांगितलेले असते. निंटेंडो स्विचची निरनिराळी रूपे, व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक आणि त्यांच्या आसपासची काही यंत्रे येथे मुख्यतः याच प्रश्नांच्या कसोटीवर तपासली आहेत.

पहिला प्रश्न थांबण्याचा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रौढ माणसाचा मोकळा वेळ सलग नसतो. पंधरा-वीस मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात कोणीतरी हाक मारते. स्विचवर खेळ कोणत्याही क्षणी थांबवायचा असेल तर वरच्या कडेचे पॉवर बटण एकदा दाबले की पुरते: खेळ आहे त्या अवस्थेत गोठतो, पडदा काळा होतो आणि काही तासांनी तेच बटण दाबल्यावर उडी अर्धवट राहिलेले पात्र हवेतूनच पुढे निघते. ‘स्टारड्यू व्हॅली’सारख्या शेतीच्या खेळात याचे मोल कळते, कारण त्यात प्रगती नोंदवली जाते ती पात्र रात्री झोपल्यावरच आणि खेळातला पूर्ण दिवस सुमारे १४ मिनिटांचा असतो. टीव्हीला जोडलेल्या जुन्या पद्धतीच्या कन्सोलवर तो दिवस संपेपर्यंत बसून राहावे लागले असते. स्टीम डेकवरही हीच सोय आहे आणि ती बहुतेक खेळांत नीट चालते. विंडोज ११ वर चालणारी हँडहेल्ड यंत्रे, म्हणजे २०२३ साली आलेला आसुसचा आरओजी अ‍ॅलाय आणि त्याच्या जातीची इतर, नेमकी येथेच कमी पडतात. मेज आणि माऊस गृहीत धरून घडवलेली ती प्रणाली चालू खेळासकट निजवली तर जागी होताना खेळ जिथे होता तिथेच सापडेल याची खात्री वाटत नाही. त्यांची ताकद अधिक असली तरी पहिले यंत्र म्हणून मी ती सुचवणार नाही. इतरांबरोबर इंटरनेटवरून खेळायचे सामनेही सुरुवातीला टाळावेत, कारण ते कोणत्याच यंत्रावर थांबवता येत नाहीत.

वजनाचे आकडे कागदावर क्षुल्लक वाटतात. स्विच लाइट सुमारे २७५ ग्रॅमचा आहे, ओएलईडी (काळा रंग खरोखर काळा दाखवणाऱ्या पडद्याचा) स्विच दोन्ही बाजूंच्या नियंत्रकांसह ४२० ग्रॅमचा, स्विच २ साधारण ५३५ ग्रॅमचा, तर ओएलईडी पडद्याचा स्टीम डेक ६४० ग्रॅमचा. खुर्चीत बसून कोपरे मांडीवर किंवा उशीवर टेकवली तर चौघांत फार फरक जाणवत नाही. पलंगावर उताणे पडून यंत्र चेहऱ्यावर धरले तर स्टीम डेक लवकरच खाली येऊ लागतो. तरीही केवळ वजनावरून निवड करणे योग्य नाही. स्टीम डेकच्या दोन्ही बाजूंच्या मुठी जाड व गोलाकार आहेत, त्यामुळे भार तळव्यावर पसरतो. स्विच मात्र पातळ आणि सपाट असल्याने मोठ्या हाताच्या माणसाची बोटे आखडतात. बाहेरून चढवायची जाड मुठीची पकड मिळते, ती स्विच घेणाऱ्या प्रौढाने यंत्राबरोबरच घ्यावी.

अक्षरांच्या बाबतीत हलकेपणाची किंमत मोजावी लागते. लाइटचा पडदा ५.५ इंचांचा आणि ओएलईडी स्विचचा ७ इंचांचा आहे, पण दोन्हींवर चित्र ७२० ओळींचेच असते; म्हणजे तेच संवाद, त्याच सूचना लाइटवर लहान होऊन उमटतात. ज्यांना जवळचे वाचायला चष्मा लागतो त्यांनी लाइट विकत घेण्याआधी एखाद्या संवादप्रधान खेळाचा पडदा स्वतः पाहावा. स्विचच्या सेटिंग्जमध्ये पडदा मोठा करून पाहण्याची सोय आहे; ती एकदा सुरू केली की होम बटण दोनदा दाबून चित्राचा हवा तो भाग जवळ आणता येतो. मात्र प्रत्येक वाक्यासाठी असे करणे कंटाळवाणे होते. २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या स्विच २ चा पडदा ७.९ इंचांचा आणि १०८० ओळींचा आहे, त्यामुळे वाचनाच्या दृष्टीने तो या घराण्यात सर्वांत सुखाचा आहे; त्यात ओएलईडीऐवजी पुन्हा एलसीडी वापरल्याने अंधारी दृश्ये थोडी धुरकट दिसतात, पण नवख्याला ते सांगितल्याशिवाय कळेल असे नाही. स्टीम डेकची अडचण वेगळी आहे: त्यावरचे असंख्य खेळ मेजावरच्या मोठ्या पडद्यासाठी लिहिलेले आहेत आणि काहींतली अक्षरे ७.४ इंचांवर मुंगीएवढी होतात. व्हॉल्व्ह खेळांना जे ‘व्हेरिफाइड’ हे प्रमाणपत्र देते, त्याच्या निकषांत मजकूर वाचता येणे हाही एक निकष आहे. म्हणून पहिले काही खेळ या प्रमाणपत्राची हिरवी खूण पाहूनच निवडावेत.

आता ज्या गोष्टीमुळे अनेक प्रौढ हा नाद सोडून देतात, तिच्याकडे वळतो. आजच्या त्रिमितीय खेळांत डाव्या अंगठ्याखालच्या स्टिकने, म्हणजे छोट्या दांड्याने, पात्र चालते आणि उजव्या अंगठ्याखालच्या स्टिकने दृश्य, म्हणजे कॅमेरा, फिरतो. पायांनी चालणे एका अंगठ्याकडे आणि मान वळवणे दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी आहे. ती लहानपणी अंगवळणी पडलेल्या माणसाला इतकी सहज वाटते की ती शिकावी लागते हेच तो विसरलेला असतो. नवखा खेळाडू मात्र चालतो, थांबतो, आकाशाकडे पाहतो, पुन्हा खाली पाहतो आणि तेवढ्यात भिंतीवर आदळतो. यात बुद्धीचा किंवा वयाचा दोष नसून दोन अंगठ्यांनी एकाच वेळी दोन वेगळी कामे करण्याचा सराव नसणे एवढेच कारण असते. शत्रू नसलेल्या मोकळ्या जागी एखादे झाड किंवा खांब पडद्याच्या मध्यभागी ठेवून त्याच्याभोवती गोल फिरत राहण्याचा सराव केला, तर ही सवय लवकर लागते. स्टिक वर ढकलल्यावर दृश्य वर न जाता खाली गेले पाहिजे असे ज्यांच्या हाताला वाटते, त्यांच्यासाठी जवळपास प्रत्येक खेळाच्या सेटिंग्जमध्ये ती दिशा उलटवण्याची सोय असते. ती वापरण्यात कमीपणा नाही. कॅमेरा फिरताना मळमळू लागले तर त्याचा वेग कमी करावा आणि त्या दिवसापुरते थांबावे, कारण नेटाने खेळत राहिल्याने मळमळ वाढतेच.

बटणांच्या नावांचा गोंधळही गृहीत धरलेला बरा. निंटेंडोच्या यंत्रांवर ए हे बटण उजवीकडे आणि बी खाली असते, तर स्टीम डेकवर ए खाली आणि बी उजवीकडे. एक्स आणि वाय यांचीही तशीच अदलाबदल आहे. घरात दोन्ही यंत्रे असतील तर ‘हो’ म्हणायचे तिथे ‘नाही’ दाबले जाणे अटळ आहे. शिवाय स्टिक नुसती ढकलायची नसून बटणासारखी आत दाबताही येते, ही गोष्ट कोणी सांगत नाही. त्यामुळे ‘आर३ दाबा’ (म्हणजे उजवी स्टिक आत दाबा) अशी सूचना आल्यावर नवखा माणूस यंत्र उलटसुलट करून ते बटण शोधत बसतो. स्टीम डेकच्या पाठीमागे आणखी चार बटणे आणि पुढे दोन टचपॅड आहेत. पहिले काही आठवडे ती नाहीतच असे समजावे.

या सर्वांवरून पहिल्या खेळाची निवड ठरते. स्विच घेतला की २०१७ चा ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आधी खेळा, असा सल्ला सर्वत्र मिळतो, तो खेळ उत्कृष्ट आहे, पण त्यात पहिल्या तासापासून दोन्ही स्टिक, ढाल, धनुष्य आणि चढाई एकदम अंगावर येतात, म्हणून मी तो दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवीन. सुरुवात द्विमितीय खेळाने करावी. २०२३ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’मध्ये योशी किंवा नॅबिट हे पात्र निवडले तर शत्रूंचा मार लागत नाही, फक्त खड्डे सांभाळावे लागतात, आणि उडीचा अंदाज शिकायला तेवढे पुरेसे असते. ज्यांना घाईच नको, त्यांच्यासाठी ‘स्ले द स्पायर’ आणि ‘बालात्रो’ हे पत्त्यांच्या धाटणीचे खेळ आहेत. त्यांत आपण चाल करेपर्यंत पडदा स्वस्थ असतो आणि चपळाईऐवजी विचार लागतो. कॅमेऱ्याचा सराव होऊ लागला की २०१७ चा ‘सुपर मारिओ ओडिसी’ त्याच्या असिस्ट मोडमध्ये सुरू करावा, ज्यात वाट दाखवणारे बाण दिसतात आणि खड्ड्यात पडले तरी पात्र बुडबुड्यातून परत येते. निंटेंडोच्या वर्गणी सेवेतून १९८९ च्या गेम बॉयचे काही खेळही स्विचवर मिळतात. एक दिशादर्शक चौकट आणि दोन बटणे एवढ्यावर चालणारा त्यातला ‘टेट्रिस’ आजही नवख्यासाठी कोणत्याही नव्या खेळाइतकाच चांगला आहे.

दुरुस्तीचा विचार खरेदीच्या वेळी कोणी करत नाही, पण पहिल्या स्विचच्या पिढीत तो करायला हवा. तिच्या स्टिकमधले संवेदक झिजतात आणि मग अंगठा न लावताही पात्र एका बाजूला सरकू लागते. या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२० साली कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. साध्या व ओएलईडी स्विचचे नियंत्रक सुटे होतात, त्यामुळे बिघडलेली बाजू तेवढी बदलता येते. लाइटमध्ये ते शरीरातच बसवलेले असल्याने अख्खे यंत्र दुरुस्तीला द्यावे लागते. शिवाय लाइट टीव्हीला जोडता येत नाही आणि त्यात कंपनाची सोयही नाही. त्याची जमेची बाजू म्हणजे डावीकडची खरीखुरी अधिक-चिन्हाच्या आकाराची दिशादर्शक चौकट, जी द्विमितीय खेळांना मोठ्या स्विचच्या चार सुट्या बटणांपेक्षा कितीतरी बरी आहे. तरीही माझी पसंती ओएलईडी स्विचलाच राहील.

स्टीम डेकच्या बाजूनेही सांगण्यासारखे बरेच आहे. त्याची लिनक्सवर आधारलेली प्रणाली विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ ‘प्रोटॉन’ या दुभाष्या थरातून चालवते, आणि घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आत व दोन तासांपेक्षा कमी खेळून नापसंत ठरला तर स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या ऑनलाइन खेळांच्या दुकानात, पैसे परत मागता येतात. स्वतःची आवड काय आहे हे अजून ठाऊक नसलेल्या माणसाला ही सवलत फार कामाची आहे. परंतु यंत्र वागते संगणकासारखे. कधी एखादा खेळ सुरू होत नाही, कधी बटणांची मांडणी हाताने बदलावी लागते, आणि अशा वेळी सेटिंग्ज धुंडाळण्यात ज्याला मौज वाटते त्यानेच पहिले यंत्र म्हणून ते घ्यावे. बॅटरी हलक्या खेळात भरपूर चालते, पण जड खेळात कंपनीच्याच अंदाजानुसार तीन तासांवर येते. स्विच २ चा खालचा अंदाज तर दोन तासांचा आहे, जो ओएलईडी स्विचच्या साडेचार तासांपुढे निराशाजनक वाटतो.

इतर पर्याय थोडक्यात उरकता येतात. सोनीचे प्लेस्टेशन पोर्टल स्वतः कोणताही खेळ चालवत नाही. चित्र इंटरनेटवरून दुसरीकडून, मुख्यतः प्लेस्टेशन ५ या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवरून, येते, त्यामुळे घरात आधीच प्लेस्टेशन ५ आणि दमदार वाय-फाय असेल तरच त्याचा विचार करावा. अ‍ॅनबर्निक, मियू यांची खिशात मावणारी यंत्रे जुन्या खेळांसाठी मोहक आहेत. पण विक्रेते त्यांच्याबरोबर हजारो खेळ भरलेले मेमरी कार्ड देतात तेव्हा त्या खेळांचे हक्क कोणाकडून घेतलेले नसतात आणि कार्डही बहुधा कमी प्रतीचे असते.

स्विच घेतल्यावर लगेच लागेल ते मेमरी कार्ड, कारण ओएलईडी स्विचमध्ये जेमतेम ६४ जीबी जागा असते. जुन्या स्विचना साधे मायक्रोएसडी चालते, तर स्विच २ वर खेळ ठेवायला फक्त मायक्रोएसडी एक्स्प्रेस हे अधिक वेगवान कार्ड चालते. खेळ कार्ट्रिजवर (यंत्रात घालायच्या छोट्या कार्डावर) घेतले तर खेळून झाल्यावर विकता किंवा उसने देता येतात. मात्र स्विच २ च्या काही डब्यांतल्या कार्डावर खेळ नसून तो डाउनलोड करण्याची किल्ली तेवढी असते, तेव्हा डब्यावरची सूचना वाचून घ्यावी. घरात लहान मूल असेल तर हेही सांगायला हरकत नाही की स्विचच्या कार्ट्रिजना कोणी ती तोंडात घालू नये म्हणून मुद्दाम अत्यंत कडू लेप दिलेला असतो. आणि ओएलईडी स्विचच्या काचेवर कारखान्यातूनच एक पातळ फिल्म चिकटवलेली येते; ती वाहतुकीपुरते लावलेले वेष्टन वाटते, पण काच फुटल्यास तुकडे उडू नयेत यासाठी ती असते, म्हणून सोलून काढू नये, आणि स्क्रीनगार्ड लावायचाच असेल तर तिच्यावरच लावावा.