एक्सेलच्या हायपरलिंकला सोसायटीची बिलं जोडली, दोन वर्षं वापरून

सोसायटीचा खजिनदार झालो तेव्हापासून बघतोय, ऑडिट आलं की तीच बोंब, लिफ्टच्या मेंटेनन्सचं बिल कुठंय, टाकी साफ केल्याची पावती कुणाकडे राहिली. शेवटी सगळं स्कॅन करून लॅपटॉपवर टाकलं आणि एक्सेलमध्ये खर्चाच्या प्रत्येक ओळीला तिचं बिल जोडलं, क्लिक केलं की पीडीएफ समोर. जाम सोय झाली राव.

सुरुवातीला कंट्रोल के दाबून एकेक फाइल शोधून जोडत होतो. वीसेक बिलांपर्यंत ठीक, मग वैताग येतो. त्यापेक्षा हायपरलिंक फॉर्म्युला वापरा. स्कॅनला व्हाउचर नंबरचंच नाव द्यायचं, ११७.पीडीएफ असं, आणि =हायपरलिंक("बिलं\"&ए२&".पीडीएफ","बघा") (ए२ म्हणजे व्हाउचर नंबर लिहिलेला सेल, टाइप अर्थात इंग्रजीत करायचं) एकदा लिहून खाली ओढायचं, वर्षभराच्या लिंका दोन मिनिटांत तयार.

माती मी खाल्ली ती पत्त्यात. आधी डी ड्राइव्हपासून पूर्ण पाथ टाकलेला, नवीन लॅपटॉपला डी ड्राइव्हच नाही, आणि हे कळलं कधी तर ऑडिटर शेजारी बसलेले असताना, एकही बिल उघडेना. लिंकमध्ये फाइल नसते, ती कुठे आहे एवढंच असतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं. आता वर लिहिलाय तसा अर्धाच पाथ देतो, एक्सेल आणि बिलांचं फोल्डर शेजारी शेजारी, आख्खं पेनड्राइव्हवर नेलं तरी चालतं. नुसती एक्सेल मेल केली तर मात्र समोरच्याला काहीच उघडत नाही, अध्यक्षांचा फोन आलाच, "अहो, बघा लिहिलंय पण दिसत काहीच नाही". फाइलच्या नावात हॅशचं चिन्हही नको, त्याच्या पुढचं एक्सेल फाइलचं नाव धरतच नाही, म्हणून "फ्लॅट #४" वगैरे नावं बंद.

गूगल शीट्सच्या नादी या कामासाठी लागू नका, ब्राउझर आपल्या कॉम्प्युटरवरची फाइल अशी उघडू देत नाही, सगळं गूगल ड्राइव्हवर चढवावं लागतं. फुकटात हवं असेल तर लिब्रे ऑफिसचं कॅल्क आहे, तिथे कंट्रोल धरून क्लिक करायचं.

माझ्याकडून पाचापैकी चार. एक कापला कारण फाइलचं नाव बदललं तरी सेल तसाच निळा दिसत राहतो, तुटलाय हे क्लिक केल्याशिवाय कळत नाही. गेल्या महिन्यात पुतण्याने हौसेने फोल्डर "नीट लावून" दिलं, अजून एकेक नाव परत करत बसलोय.