काउंटर-स्ट्राइक २ : पावसाळ्यापासून शिमग्यापर्यंत खेळल्यावर

पहिल्या आठवड्यात या गेमबद्दल लिहिलं असतं, तर सगळं ग्राफिक्सबद्दल झालं असतं आणि वाचणाऱ्याच्या हाती काही लागलं नसतं. पावसाळ्याच्या तोंडावर कुडाळच्या घरी नवीन पीसी जोडला. तेव्हापासून शिमग्यापर्यंत रात्रीचा मोकळा वेळ जवळजवळ सगळा काउंटर-स्ट्राइक २ मध्ये गेला. आता लिहितोय ते एकाच प्रश्नावर. वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या शूटर मालिकेचा पुढचा भाग काढताना किती बदलावं? या गेमनं त्याचं अर्धं उत्तर फार सुंदर दिलंय. उरलेल्या अर्ध्यावर माझा राग आहे आणि इतके महिने गेले तरी तो उतरलेला नाही.

मालिकेचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण मुद्दा तिथेच आहे. १९९९ मध्ये मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी हाफ-लाइफ या गेमवरचा मॉड, म्हणजे मूळ गेमवर चाहत्यांनी केलेला बदल, म्हणून हा खेळ केला. हाफ-लाइफच्या व्हॉल्व्ह कंपनीनं तो आपल्याकडे घेऊन २००० मध्ये स्वतंत्र विकायला काढला. आम्ही कोकणातली पोरं वाढलो ती २००३ च्या १.६ या आवृत्तीवर. एसटी स्टँडच्या आसपासच्या नेट कॅफेत तासावर पैसे मोजायचे आणि क्लास सुटला की डस्ट २ हा नकाशा, पुन्हा डस्ट २. २००४ या एकाच वर्षात दोन भाग आले, कंडिशन झीरो आणि सोर्स. सोर्स दिसायला कितीतरी पुढचा होता, तरी अनेक पट्टीचे खेळाडू १.६ सोडून हलले नाहीत, कारण त्यांचा हात तिथे बसला होता. २०१२ मध्ये ग्लोबल ऑफेन्सिव्ह, म्हणजे जीओ आलं. त्यालाही सुरुवातीला जुन्या लोकांनी नाकं मुरडली, पण दुरुस्त होत होत काही वर्षांत तोच मुख्य खेळ झाला. या सगळ्या काळात जुना भाग आपल्या जागी चालू होता. नव्याला त्याच्या शेजारी उभं राहून खेळाडू कमवावे लागले. मालिका इतकी टिकली त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

२७ सप्टेंबर २०२३ ला आलेल्या या भागातला सगळ्यात मोठा बदल म्हणजे धूर.

जीओत स्मोक ग्रेनेड फुटला की प्रत्येकाच्या पडद्यावर तो धूर आपापला काढला जायचा. कडेला उभं राहिलं की कधीकधी एकाला समोरचा दिसायचा आणि समोरच्याला तो दिसत नसे. आता धूर जागेत खरोखर भरतो. दारातून पुढे सरकतो, जिन्यावरून उतरतो, भिंतीला अडतो आणि दहाही खेळाडूंना एकाच आकाराचा दिसतो. गोळी झाडली की त्यात क्षणभर भोक पडतं. हातबॉम्ब फुटला की मधला धूर उधळून पलीकडचं दिसतं आणि बघता बघता जागा परत भरते.

ऐकायला हे सजावटीचं वाटेल, पण खेळताना डोकंच वेगळं चालवावं लागतं. पूर्वी धूर पडला की ती वाट काही सेकंद बंद झाली असं समजून दोन्ही बाजू थांबायच्या. आता डस्ट २ च्या मिडला, म्हणजे नकाशाच्या मधल्या वाटेवर, धूर टाकला, तरी पलीकडे कोणीतरी हातबॉम्ब हातात धरून उभा असेल आणि त्याच्या शेजारी दुसरा ऑप, म्हणजे एडब्ल्यूपी ही स्नायपर बंदूक, रोखून बसला असेल, हे धरूनच पाय उचलावा लागतो. माझा भाचा मोबाईलवर बीजीएमआय खेळून तयार झालेला. सुरुवातीच्या दिवसांत धुराआड निर्धास्त उभा राहिला आणि पडला. "मामा, गोळी खयसून इली?" मी त्याला मोकळ्या सर्व्हरवर नेऊन भिंतीसमोर धूर टाकायला लावला, त्यावर गोळ्या झाडून भोक कसं पडतं आणि किती लवकर बुजतं ते दाखवलं. दिवाळीपर्यंत तो हीच युक्ती माझ्यावर वापरायला लागला होता.

बदल असावा तर असा. धूर मालिकेत आधीपासून होता आणि तो कशासाठी टाकायचा हे प्रत्येकाला ठाऊक होतं. जुन्या माणसाचं ज्ञान वाया गेलं नाही, त्यावर आणखी एक थर चढला. उडी मारून ग्रेनेड सोडायचं तंत्रही असंच. जीओत ते अचूक जमावं म्हणून लोक कीबोर्डवर खास बाइंड, म्हणजे एका बटणावर उडी आणि फेक दोन्ही, लावून घ्यायचे. आता साध्या हातानंही फेक दर वेळी तशीच पडते. कौशल्य तेच राहिलं, फक्त अडथळा गेला.

नकाशांच्या बाबतीत व्हॉल्व्हनं जे केलं ते तर प्रत्येक मालिकेनं वहीत लिहून ठेवावं. त्यांनी जुन्या नकाशांचे तीन गट केले. पहिल्या गटाला जवळजवळ हात लावला नाही. डस्ट २ त्यातला. भिंती, कोपरे, दारं जिथल्या तिथे, म्हणजे बाकी खेळात काय बदललंय ते ओळखीच्या जागेवर उभं राहून जोखता यावं. दुसऱ्या गटात नवा प्रकाश आणि नवे पृष्ठभाग आले. न्यूक हा त्यातला. तिसऱ्या गटातले, उदाहरणार्थ ओव्हरपास, पायापासून पुन्हा बांधले. किती बदलावं या प्रश्नाला एकच आकडा नसतो, प्रत्येक गोष्टीला वेगळं माप लागतं, हे इथे नुसतं बोलून न दाखवता करून दाखवलंय. पहिल्या दिवशी मी डस्ट २ वर बी साइटच्या (बॉम्ब लावायच्या दोन जागांपैकी एक) बोगद्यातून निघालो आणि पुढचं वळण येण्याआधी हात माऊसवर वळला होता. नेट कॅफे बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी!

तसंच खेळातल्या पैशांचं, ज्यांनी प्रत्येक फेरीआधी बंदुका घ्यायच्या. एडब्ल्यूपी १.६ मध्ये ४७५० डॉलरला मिळायची आणि आजही ४७५० लाच मिळते. एके-४७ अडीच हजारांची सत्तावीसशेला गेली. एवढ्या वर्षांत इतकाच फरक. फेरी हरल्यावर पैसे साठवायचे की सगळे मिळून लावायचे हा हिशोब या खेळाचा कणा आहे आणि तो कोणी मोडलेला नाही. जीओत शिकलेला एकेचा झटका, म्हणजे सलग गोळ्या झाडताना नळी कुठे कशी चढते ते, इथेही तसाच लागू पडतो. सामना मात्र लहान झाला. आधी १६ फेऱ्या जिंकणारा जिंके, आता १३. मला हे आवडलं. नोकरी-धंदा करणाऱ्या माणसाला रात्री एक सामना पुरा खेळून झोपता येतं. पण पिस्तूलवाल्या दोन फेऱ्यांचं, म्हणजे प्रत्येक अर्ध्याच्या पहिल्या फेरीचं, वजन त्यामुळे वाढलंय. त्या दोन्ही गेल्या की वर यायला फेऱ्या कमी उरतात.

सबटिक, म्हणजे गोळीची वेळ नोंदायच्या नव्या पद्धतीबद्दल, खूप बोललं गेलं, मी थोडक्यात आवरतो. जीओचे अधिकृत सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा खेळाची स्थिती मोजायचे आणि तुमची गोळी पुढच्या ठोक्याला धरली जायची. आता दोन ठोक्यांच्या मधला नेमका क्षणही नोंदला जातो. कल्पना चांगली आहे. तरी आडोशाला पोचल्यावर गोळी लागल्याची तक्रार जगभर झाली. मुंबईच्या सर्व्हरवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) नीट असताना मला फरक फारसा जाणवला नाही. आणि श्रावणात फांदी पडून फायबरची वायर लोंबत असेल, तेव्हा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सबटिक काहीच करू शकत नाही. सर्व्हरपर्यंत जे पोचलंच नाही त्याची वेळ तो कुठून नोंदणार?

आता रागाचा भाग.

काउंटर-स्ट्राइक २ जीओच्या शेजारी आलं नाही, त्याच्या जागेवर आलं. ज्यांच्या स्टीमच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या गेम-दुकानाच्या, लायब्ररीत जीओ होतं त्यांचं जीओ जाऊन हे बसलं. जुनी आवृत्ती स्टीमच्या बीटा शाखेत मिळते, पण १ जानेवारी २०२४ पासून तिचा अधिकृत आधार संपला आणि अधिकृत सामने तिथे जुळत नाहीत. डेंजर झोन हा मोड, म्हणजे खेळायचा एक वेगळा प्रकार, नव्या भागात आलाच नाही. आर्म्स रेस हा दुसरा मोड २०२४ च्या सुरुवातीपर्यंत नव्हता. मॅकवाल्यांना तर दारच बंद झालं. खेळ फुकट आहे, मग तक्रार कसली, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. जीओ कितीतरी वर्षं पैसे देऊन घ्यावं लागायचं, ते फुकट झालं २०१८ च्या डिसेंबरात. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जुन्या मशीनवाला माणूस. जीओ ज्या लॅपटॉपवर आनंदानं चालायचं, त्यावर हा भाग नीट चालेलच असं नाही. आमच्या तालुक्यात नवीन ग्राफिक्स कार्ड घेणं ही घरात विचारून करायची गोष्ट असते.

गणपतीत मुंबईहून चाकरमानी भाऊ आले. आरती, जेवणं उरकल्यावर ओटीवर चार लॅपटॉप मांडले. नेट गेलेलं. आम्ही खेळलो ते १.६, आपसात वायर जोडून, पहाटेपर्यंत. तो खेळ आजही विकत मिळतो आणि चालतो, म्हणून हे होऊ शकलं. जीओवर वाढलेल्या पोरांना आणखी दहा वर्षांनी असं काही करावंसं वाटलं, तर त्यांच्या हातात काय असेल?

बदलाचं माप बाकीच्या मालिकांत कसं चुकतं तेही बघण्यासारखं आहे. बॅटलफील्ड २०४२ नं २०२१ मध्ये सैनिकांचे ठरलेले वर्ग काढून नावागावाचे स्पेशालिस्ट आणले. कोण डॉक्टर, कोण रणगाडा फोडणारा, हे लांबून ओळखू येईना. मैदानात १२८ माणसं आणि सुरुवातीला साधा स्कोअरबोर्डही नाही. २०२३ मध्ये वर्ग परत आणावे लागले आणि २०२५ चं बॅटलफील्ड ६ असॉल्ट, इंजिनिअर, सपोर्ट, रीकॉन या चार ओळखीच्या वर्गांवर उभं राहिलं. कॉल ऑफ ड्यूटी भिंतींवरून धावत अवकाशात गेली आणि २०१७ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या चिखलात परत उतरली. याउलट डूम दर वेळी मोठी उडी मारतं आणि ते त्याला शोभतं. २०१६ चं पुढे घुसून मारायला लावायचं, २०२० चं इटर्नल सतत हवेत ठेवायचं, २०२५ चं द डार्क एजेस ढाल हातात देऊन पाय रोवून उभं करतं. तिन्ही मला प्रिय आहेत. पण डूम मी एकटा खेळतो आणि कथा संपली की संपलं. ज्या खेळात समोर माणूस आहे आणि त्याच्याशी वर्षानुवर्षं तोच डाव मांडायचाय, तिथे नियम ही दोघांची सामाईक मालमत्ता असते.

आमच्याकडे जत्रांमध्ये दशावतार होतो. गणपती येतो, संकासुर येतो, मग आख्यान. कथा बसलेल्या प्रत्येकाला पाठ असते. संवाद मात्र लिहिलेले नसतात, नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो. म्हणून तीच कथा दुसऱ्या गावच्या जत्रेत बघायला लोक थंडीत घोंगडी घेऊन जातात आणि अमक्या कंपनीचा राजा काय बोलला यावर आठवडाभर चर्चा चालते. काउंटर-स्ट्राइकमध्ये नकाशा, पैसा, बंदूक ही कथा झाली. धूर, प्रकाश, आवाज यांनी आम्हाला रचायला नवी जागा दिली. मला मालिकेच्या पुढच्या प्रत्येक भागात एवढंच हवंय.

आईबापांसाठी एक गोष्ट. बंदुकीवरचे रंग, म्हणजे स्किन्स, २०१३ पासून या मालिकेत आहेत. खेळण्यावर त्यांचा काडीचाही परिणाम होत नाही. पेटी उघडायला चावी विकत घ्यावी लागते आणि आत काय निघेल ते नशिबावर. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका अपडेटनं चाकू मिळवायची नवी वाट उघडली, तेव्हा महागड्या चाकूंचे बाजारभाव एका रात्रीत कोसळले. माझ्या भाच्याच्या खात्याला मी कार्ड जोडू दिलेलं नाही. मुलगा खेळत असेल तर हे आधी बघा.

कोकणात राहून खेळणाऱ्यांसाठी दोन शब्द. राउटर आणि पीसी दोन्ही यूपीएसवर टाका. स्पर्धात्मक सामना मध्येच सुटला आणि वेळेत परत जोडला गेला नाही, तर बंदी लागते. पहिली अर्ध्या तासाची असते, मग दोन तास, मग दिवसभर, मग आठवडा. लाईट गेली होती हे गेमला कळत नाही, आणि मागे उरलेल्या चौघांची फेरी वाया जाते ती वेगळीच. आभाळ भरलं असेल त्या संध्याकाळी डेथमॅच, म्हणजे फेऱ्या नसलेला मोकळा गोळीबार, खेळा, तिथून उठून गेलं तरी कोणाचं नुकसान नाही. नव्यानं सुरू करणाऱ्यानं डस्ट २ वर बसावं. तिथे भोकातून गोळी घालायला आणि चुकवायला जमली की न्यूककडे जावं. ओव्हरपास शेवटी. भाच्याची परीक्षा संपली की मे महिन्यात आमचं तेच ठरलंय.