काम संपून नऊ महिने: झोप कशावर उडाली आणि आज काय खुपतंय

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही घराचं काम काढलं. नाशिकला इंदिरानगरमधला टू बीएचके, दुसरा मजला, इमारत १९९४ ची. स्वयंपाकघर, दोन्ही बाथरूम, सगळी फरशी, वायरिंग आणि रंग. सहा आठवडे सांगितले होते, साडेतीन महिने लागले. साडेसहा लाख धरले होते, सव्वाआठ झाले. गुढीपाडव्याला पूजा घातली, तेव्हापासून नऊ महिने झाले आणि मध्ये एक पावसाळाही जाऊन आला. कुठली टाइल घेतली, कुठला नळ घेतला हे इथे लिहीत नाही, ते दुकानात कोणीही सांगेल. डोक्याला जो ताप झाला त्याचा अंदाज मात्र कोणी दिला नव्हता, म्हणून हे लिहिते. ‘घर पाहावं बांधून’ ही म्हण तेवढी भेटेल त्याने ऐकवली, आमचाच चहा पिऊन.

काम चालू असताना मी एक दोनशे पानी वही केली होती. आधी फक्त हिशेबासाठी. तिसऱ्या आठवड्यात एकदा रात्री दोनला जाग आली आणि सिंक खिडकीखालीच घ्यायला हवं होतं का, या विचाराने पुन्हा झोपच लागेना. उठले, वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून तेवढंच लिहिलं आणि पडले. मग ती सवयच झाली. नवऱ्याने तिचं नाव तक्रारवही ठेवलं. आज मोजल्या तर एकसष्ट नोंदी निघाल्या. त्या वाचत वाचतच हे लिहितेय.

सगळ्यात जास्त पानं भिंतीने खाल्ली आहेत. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडायची माझी हौस. ती पाडता येते की नाही हे मिस्त्रीच्या शब्दावर ठेवलं नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर आणून दाखवली. चार इंची विटांची पार्टिशनची भिंत, भार कॉलम-बीमवर, असं त्याने लेखी दिलं, ते सोसायटीच्या परवानगीच्या अर्जाला जोडलं. (काम काढणाऱ्यांनी एवढं करावंच. ‘आमच्या वरच्यांनी पण पाडलीय’ याला काही अर्थ नसतो, वरच्यांनी काय पाडलं ते आपल्याला दिसलेलं नसतं.) सासूबाईंचा मात्र विरोध होता. “आल्यागेल्याला माझी खरकटी भांडी दिसणार,” एवढं एकच वाक्य त्या महिनाभर बोलत होत्या. मी ऐकलं नाही.

भिंत पडली त्या संध्याकाळी मी शाळेतून आले तर हॉलमध्ये विटांचा ढीग, जिथे कॅलेंडर असायचं तिथे भगदाड आणि भगदाडातून थेट गॅसच्या नळीचं उघडं तोंड दिसत होतं. तीस वर्षांचा पिवळा रंग विटांच्या एका बाजूला तसाच चिकटलेला. मी राडारोड्याच्या गोणीवर बसून रडले. कारण विचाराल तर आजही नीट सांगता येणार नाही. त्या रात्रीच्या नोंदीत एकच शब्द आहे: ‘चुकलं’.

नऊ महिन्यांनंतर या भिंतीबद्दल माझं मत काय? अजून झालेलं नाही. लसणीच्या फोडणीचा ठसका सोफ्यापर्यंत येतो, चिमणी चालू असली तरी येतो. मिक्सर लावला की टीव्हीवर बातम्या देणारा नुसते ओठ हलवतो. मुलाची ऑनलाइन परीक्षा असते त्या दिवशी कुकरसुद्धा विचारून लावावा लागतो. आणि ज्या सासूबाई नको म्हणत होत्या त्या रोज सकाळी हॉलमधल्या खुर्चीत मेथी निवडत बसतात, तिथून माझ्याशी बोलतात, आणि भाजीत मीठ किती घातलं हे त्यांना खुर्चीतून दिसतं. हा फायदा धरायचा की तोटा हे दिवसावर अवलंबून.

फरशीची गोष्ट वेगळी. दोन बाय दोनच्या टाइल्स घेतल्या, मापाने हिशेब करून नेमक्या मागवल्या आणि तिथेच फसले. कापाकापीत वाया जाणाऱ्या धरून दहा टक्के तरी जास्त घ्यायच्या असतात. शेवटी एक पेटी कमी पडली, ती नंतर आणली, तर तिच्यावरचा शेडचा आणि बॅचचा नंबर वेगळा. हे नंबर पेटीवर छापलेले असतात हेसुद्धा तेव्हाच कळलं. बाल्कनीच्या दारापाशी चार टाइल्स किंचित करड्या बसल्या. वहीत त्या चार टाइल्सवर सहा नोंदी आहेत! एका रात्री मी मोबाइलचा टॉर्च लावून उकिडवी बसून त्या बघत होते, नवरा पाणी प्यायला उठला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता परत झोपायला गेला. परवा बहीण आली, तिला हौसेने दाखवायला गेले तर मलाच नक्की सांगता येईना चार कुठल्या.

त्याच धड्यावर मग बाथरूमच्या दोन पेट्या जास्त मागवल्या आणि त्याचीही नोंद आहे: ‘उगाच. पैसे वाया.’ ते पुढे येतंच.

ओट्याची उंची हा एकच निर्णय मी आज छाती ठोकून सांगू शकेन, आणि त्याचं श्रेय माझं नाही. जुना ओटा तीस इंच होता, माझी पाठ त्याने कामातून गेली होती. मी पाच फूट पाच, सासूबाई पाच फुटांना दोन बोटं कमी. मी चौतीस म्हणायचे आणि रात्री त्या आठवल्या की बत्तीस वाटायचं. चार दिवस हे चाललं. गवंडी वयस्कर होता. त्याने एक शब्द न बोलता विटा रचल्या, वर फळी टाकली आणि म्हणाला, “ताई, पोळपाट आणा.” मी पोळपाट-लाटणं आणि कणकेचा गोळा घेऊन आले. बत्तीसवर लाटली, मग खाली फरशीचा तुकडा सरकवून तेहतीसवर, मग चौतीसवर. चौतीसला माझे खांदे वर उचलले जात होते, ते मला कळलं नाही, त्याने दाखवलं. सासूबाईंनाही बोलावलं. त्यांनी तेहतीसवर दोन लाटल्या आणि “चालेल” म्हणाल्या, जे त्यांच्या तोंडून क्वचित निघतं. गवंड्याने भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली आणि त्या रात्री मी ढाराढूर झोपले.

तिथून वहीत एक बदल केला. नुसती शंका लिहायची नाही, समोर दोन गोष्टी लिहायच्या: हे बदलायची मुदत कधीपर्यंत आहे, आणि आत्ता बदललं तर किती पैसे. स्विचबोर्डाची जागा भिंतीला खाच मारेपर्यंत फुकट बदलते. गिलावा झाल्यावर तेच पाचेकशे रुपये आणि इलेक्ट्रिशियनचा रुसवा. रंग झाल्यावर विसरायचं. मुदत उरली असेल तर सकाळी साडेनऊला मिस्त्री आल्या आल्या विचारायचं. टळून गेली असेल तर आडवी रेघ. रेघ मारली म्हणून रुखरुख जाते असं नाही, पण तीच गोष्ट आठवडाभर नव्याने उगाळणं बंद होतं. निम्म्या शंका तर आकडा लिहिताना विरून जायच्या. सिंक खिडकीखाली न्यायला नळाची आणि ड्रेनेजची लाइन फिरवून अठरा हजार, असं लिहिलं आणि खिडकीतून असं दिसतं तरी काय, समोरच्या विंगची पाण्याची टाकी, हे आपोआप आठवलं.

दुसरा नियम आम्हाला भांडण करून सापडला. कंत्राटदाराशी एकानेच बोलायचं. नवरा सकाळी गीझरचा पॉइंट डावीकडे सांगून जायचा, मी दुपारी येऊन उजवीकडे सांगायचे. इलेक्ट्रिशियनने दोन्हीकडे खाच मारून ठेवली आणि बिलात दोन्ही लावल्या. त्या दिवशी घरात जे झालं ते लिहीत नाही. शिवाय रात्री नऊनंतर घराच्या कामाचा विषय बंद, आणि टाइल बुक केल्यावर पुन्हा टाइलच्या दुकानात जायचं नाही, फोनवर सुंदर सुंदर स्वयंपाकघरं बघायची नाहीत. हा शेवटचा मी तीन वेळा मोडला, तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी कामावरच्या माणसांवर खेकसले.

घरात राहून काम करून घेऊ नये, हे मात्र वहीत कुठेच नाही, कारण तेव्हा ते लिहायचंही त्राण नव्हतं. फ्रिज बेडरूममध्ये, स्वयंपाक बाल्कनीत इंडक्शनवर, देव शिलाई मशिनवर. ग्राइंडर चालला की डाळीच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, दातांत बारीक पांढरी पूड. नवऱ्याचा बीपी याच काळात वाढला. महिना-दोन महिन्यांचं भाडं वाचवायला गेलो, तेवढे डॉक्टरकडे गेले नसतील, पण जवळपास. ज्यांना जमेल त्यांनी दोन खोल्या घेऊन बाहेर राहा.

रंग, वायरिंग, प्लाय यांबद्दल थोडक्यात. सिंकखाली आयएस ७१० शिक्क्याचाच, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय मागितला, पावसाळ्यात फुगला नाही. रंगाचे नमुने भिंतीवर हातभर जागेत दोन हात मारून दिवसा आणि ट्यूबलाइटखाली पाहिले, ते बरं झालं, दुकानातल्या कार्डावरचा बदामी आमच्या हॉलमध्ये चक्क गुलाबी दिसत होता. गिलावा व्हायच्या आधी मुलाने प्रत्येक भिंतीचे टेप धरून फोटो काढले. तेव्हा त्याला ‘अभ्यास कर’ म्हणाले होते. नंतर फिल्टर बसवताना ड्रिल कुठे मारायचं नाही हे त्या फोटोंनीच सांगितलं.

आता बाथरूम. हे वाचून कोणाला उपयोग व्हायचा असेल तर इथे होईल.

बाथरूममध्ये मी तीन आठवडे नळाच्या रंगावर घालवले. काळा मॅट की क्रोम. वहीत अकरा नोंदी. सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतं, काळ्यावर पांढरे डाग उठून दिसतात, म्हणून शेवटी क्रोम घेतला. ठीक आहे, नळ आहे, पाणी येतं. वॉटरप्रूफिंगवरही माझं बारीक लक्ष होतं, खालच्या काकूंच्या छताला आधीच ओल होती. कोबा आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर नहाणीचं, म्हणजे पाणी जायच्या जाळीचं तोंड बंद करून तीन दिवस पाणी भरून ठेवायला लावलं. कंत्राटदार कुरकुरला, एक दिवस पुरतो म्हणाला. मी ऐकलं नाही आणि रोज संध्याकाळी खाली जाऊन काकूंचं छत बघून आले. थेंब नाही. अख्खा पावसाळा गेला, आजही नाही. त्याचे पूर्ण गुण.

पण भरून ठेवलेलं पाणी गळती दाखवतं, उतार दाखवत नाही. उतार बघायचा तो फरशी बसल्यावर, बादलीभर पाणी ओतून. ते मी केलं नाही. तीन दिवसांच्या चाचणीने मला वाटलं बाथरूमचं प्रकरण मिटलं. एकसष्ट नोंदींत उतारावर एकही नाही. पाडव्याच्या पूजेला कंत्राटदार सहकुटुंब जेवायला आला होता, सगळे खुशीत होते, आणि हातात राखून ठेवलेली शेवटची दहा टक्के रक्कम आम्ही त्याच दिवशी देऊन टाकली, वर पेढ्यांचा बॉक्स. पुढच्या आठवड्यात लक्षात आलं की अंघोळ झाली की बेसिनखालच्या कोपऱ्यात बशीभर पाणी उभं राहतं. फोन केले. आधी येतो, मग बघतो, मग फोन लागेना. नऊ महिने झाले, घरातला प्रत्येक माणूस अंघोळ करून वायपर मारूनच बाहेर येतो. सासूबाई घसरतील ही धाकधूक वेगळीच, त्यांच्यासाठी तिथे रबरी मॅट टाकलीय आणि मॅटखाली बुळबुळीत होतं म्हणून ती रोज उचलायची.

गेल्या महिन्यात तो वयस्कर गवंडी रस्त्यात भेटला, त्याला घरी आणून दाखवलं. त्याने गोटी मागितली. मुलाच्या जुन्या डब्यात सापडली. ती फरशीवर सोडली तर नहाणीकडे पाठ फिरवून सरळ बेसिनखाली जाऊन बसली. म्हणाला, तेवढ्या कोपऱ्यातल्या सात-आठ टाइल्स उचलून मसाला पुन्हा भरावा लागेल, खालच्या वॉटरप्रूफिंगला धक्का लागला तर तेही करून परत पाणी भरून बघावं लागेल, चार दिवसांचं काम. मग विचारलं, “याच टाइल्स आता मिळतील का, ताई?”

त्या दोन पेट्या दिवाणाखाली आहेत. संक्रांतीनंतर येतो म्हणालाय. कोणत्या संक्रांतीनंतर, ते विचारलं नाही.