विश्रामबागेतील घरगुती फायबर सेवा : वर्षभराच्या वापरानंतर

सांगलीत विश्रामबागेतील आमच्या घरी एका स्थानिक केबलचालकाची फायबर जोडणी घेऊन वर्ष झाले. १०० एमबीपीएसच्या योजनेत रात्री आठ-नऊच्या गर्दीच्या वेळीही वेग ९० च्या खाली गेलेला मी क्वचितच पाहिला. मुलीची ऑनलाइन शिकवणी आणि माझे कार्यालयीन काम एकाच वेळी विनाअडथळा चालते.

तक्रार आहे ती दुरुस्तीची. वळवाच्या पावसात फांदी पडून खांबावरची केबल तुटली, ओएनटीवर, म्हणजे फायबर जिथे येते त्या घरातल्या डब्यावर, लाल दिवा लुकलुकू लागला आणि तीन दिवस कोणी फिरकले नाही, कारण सगळ्या भागासाठी स्प्लायसिंगचे, म्हणजे तुटलेले तंतू जोडण्याचे, यंत्र एकच होते. शेवटी आलेल्या मुलाने मात्र मन लावून काम केले आणि पॉवर मीटरवर तंतूतून येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता उणे १९ डीबीएम आल्याचे स्वतःहून दाखवले. हा आकडा उणे २७ च्या आसपास घसरला की जोडणी डळमळते, हे त्याच्याकडूनच समजले.

हाच चालक आता कुपवाड आणि धामणीकडच्या नव्या वसाहतींत जाळे वाढवत आहे. टीव्हीचे ग्राहक ओटीटीकडे वळत असताना त्याच्यापुढे दुसरा मार्गही नाही, आणि खांबावरची वाट व घराघरांतली ओळख ही त्याची जुनी पुंजी आहेच. २०१९ मध्ये जिओफायबर आणि २०२३ मध्ये ५जीवर चालणारे एअरफायबर आल्यापासून ग्राहकाला पर्याय मिळाले. पण एअरफायबरला टॉवरची क्षमता मोबाइलधारकांबरोबर वाटून घ्यावी लागते. फायबरच्या जीपीऑन पद्धतीतही, म्हणजे एकाच तंतूवरून अनेक घरांना जोडण्याच्या पद्धतीतही, सुमारे अडीच जीबीपीएस क्षमता बहुधा ३२ किंवा ६४ घरांत विभागली जाते, त्यामुळे चालकाची स्वतःची इंटरनेटशी असलेली मुख्य जोडणी न वाढवता ग्राहक वाढवले, तर आजचा वेग टिकणार नाही.

२०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या या शहरात फायबरचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. काचेच्या तंतूला तांब्यासारखा गंज चढत नाही आणि प्रकाश घराघरांत विभागणाऱ्या वाटेतल्या स्प्लिटरला वीजही लागत नाही. केंद्र आणि घर या दोन टोकांना वीज असली, की पुरे.

मी पुढचे नूतनीकरण वर्षाऐवजी तीनच महिन्यांचे केले आहे. पावसाळ्याआधी स्प्लायसिंगचे दुसरे यंत्र घेण्याचे चालकाने कबूल केले आहे. ते आले, की उरलेले पैसे एकदम भरेन.