माझेच शॉकअप पिवळे रंगवून मलाच विकले! बडोद्यातल्या गाडीवाल्यांनो, सावध राहा

एक लाख बावन्न हजार तीनशे रुपये. शॉकअपचे ७२,०००. ते 'कस्टममध्ये अडकलेत' म्हणून मध्येच उकळलेले ११,५००. रिमॅपचे, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचे, ३२,०००. चार टायरचे ३६,८००. यातले टायर तेवढे गाडीला खरोखर लागले, तेही शिळे. बाकी १,१५,५०० रुपयांच्या बदल्यात गाडीत काहीही बदललं नाही. माझेच जुने शॉकअप जागच्या जागी पिवळ्या रंगाने रंगवले आणि वर जर्मन कंपनीचे स्टिकर चिकटवले. गॅरेजचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी तसं बजावलंय. पण पद्धत सगळी सांगतो.

मला रेसिंग करायची नव्हती. हे आधी सांगतो, कारण ज्याला ज्याला ही गोष्ट सांगितली त्याने पहिला प्रश्न तोच विचारला. गाडी पोलो जीटी टीएसआय, एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, ११० पीएस, १७५ न्यूटन मीटर टॉर्क. भारतात २०२२ मध्ये पोलो बंद झाली. तशी गाडी आज नवी मिळत नाही, म्हणून आहे तीच नीट राखायची, एवढाच विचार. रोज अलकापुरीला ऑफिस, आणि वर्षातून काही वेळा आई, बायको, मुलांना घेऊन कोल्हापूर किंवा सापुतारा. शॉकअप दमले होते. अहमदाबाद एक्सप्रेसवेवर पुलाच्या जोडावरून गेलं की गाडी एकदा बसून गप्प राहायची नाही, दोन-तीनदा डोलायची, आणि मागे बसलेल्या आईला मळमळायचं. शॉकअप बदलायचेच होते. मग थोडे चांगले घालावेत, टायर एक माप रुंद घ्यावेत, ओव्हरटेकला हाताशी थोडी ताकद असावी. यात माज कुठे आला?

गाडी खाली करायची नव्हती, मोठा आवाजाचा सायलेन्सर नको होता. बिलस्टाइन या जर्मन कंपनीचे बी-६ शॉकअप ठरवले, कारण ते गाडीच्या मूळ स्प्रिंगवर बसतात आणि उंची कमी होत नाही. टायर १९५/५५ आर१६ च्या जागी २०५/५५ आर१६. व्यासात पावणेदोन टक्क्यांचा फरक पडतो, तेवढा चालतो. मी वाचून, विचारून, माप काढून गेलो होतो. त्यामुळे 'माहिती काढायची होती ना आधी' असं कुणी म्हणालं की डोक्यात जातं. माहिती होती. माहितीचा उपयोग लिफ्टवर चढलेली गाडी समोर असली तरच होतो, आणि ती त्यांनी समोर ठेवलीच नाही.

आता विश्वास का बसला, ते. माणूस मराठी. गुजरातीत गिऱ्हाईकाशी बोलत होता, मी फोनवर घरी मराठीत बोललो तसा लगेच मराठीत आला. "दादा, दांडिया बाजारातले का? माझी मावशी रावपुऱ्यात असते." दादा, वहिनी, मुलं कितवीत आहेत, सगळं विचारून झालं. "आपल्या माणसाकडून मी मजुरी घेत नाही, फक्त पार्टचे द्या." बडोद्यात आपण पिढ्यानपिढ्या राहतोय. असं बोलणारा माणूस भेटला की कुणीही सैलावतो. मी काही परप्रांतात एकटा पडलेला नवखा नव्हतो, माझ्याच गावात, माझ्याच भाषेत बोलणाऱ्या माणसाकडे गेलो होतो.

बिलाचं त्याने हसत हसत टाळलं. तेव्हा सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता. "दादा, पक्कं बिल घेतलंत तर वीस हजार उगाच सरकारला जातील." पैसे यूपीआयने, पण दुकानाच्या खात्यात नाही. एक रक्कम कामावरच्या पोराच्या नंबरवर, दुसरी कुणा बाईच्या नावावर. पुढे पोलिसात पहिला घोळ इथेच झाला. दुकानाच्या नावाचा क्यूआर कोड नसेल तर एक रुपयाही देऊ नका, समोरचा कितीही 'आपला' असू दे.

गाडी ठेवून घेतली. "लिफ्टखाली बाहेरच्यांना उभं राहू देत नाही, विम्याची भानगड आहे." संध्याकाळी बोलावलं तेव्हा गाडी धुऊन, टायरला काळं पॉलिश मारून उभी. पुढचं चाक पूर्ण वळवून त्याने मोबाइलचा टॉर्च आत मारला. पिवळाधमक शॉकअप, निळा स्टिकर. "बघा दादा, ओरिजिनल."

मी वाकून बघितलं. आणि इथे मला जे दिसलं ते आज रात्रीबेरात्री आठवतं आणि झोप उडते. शॉकअपच्या बाजूने जी ब्रेकची रबरी नळी जाते, तिच्यावर पिवळे बारीक थेंब होते. चाकाच्या कमानीतल्या काळ्या प्लास्टिकवरही फवारा उडाल्यासारखी पिवळी झाक. कारखान्यातून रंगून, खोक्यात बंद होऊन आलेला शॉकअप माझ्या ब्रेकच्या नळीवर रंग कसा उडवेल? गाडीच्या अंगावर, जागेवरच, डबा हातात धरून फवारल्याशिवाय हे होऊच शकत नाही. थेंब मी डोळ्यांनी पाहिले, बोटही लावलं. रंग किंचित चिकट लागला. मी विचारलंसुद्धा. "ते ग्रीस आहे दादा, बसवताना लावतो, उडून जाईल." अंधार पडत आलेला, मागे दुसरं गिऱ्हाईक ताटकळतंय, हा माणूस दादा दादा करतोय. अशा वेळी कोण भांडत बसतं?

आणखी एक खूण होती. बी-६ मालिकेत मॅकफर्सन स्ट्रटसाठी (पुढच्या चाकांना असतात तसे, स्प्रिंगसकट बसणारे शॉकअप) बिलस्टाइन उलटी मोनोट्यूब वापरते, म्हणजे वर बोटाएवढा बारीक दांडा दिसत नाही, जाड चकचकीत नळी दिसते. माझ्या गाडीत रबरी बूट, म्हणजे दांड्यावरचं आवरण, खाली सरकवला असता तर बारीक दांडाच दिसला असता. बूट सरकवायला लावा! बसवून झाल्यावर नव्हे, खोकं फोडतानाच समोर उभे राहा. खोक्यावरचा क्रमांक आणि शॉकअपवर कोरलेला क्रमांक जुळवून फोटो काढा. जुने शॉकअप घरी घेऊन जा, भंगारात विकायचे असले तरी स्वतः विका. मी मागितले तेव्हा "ते सकाळीच भंगारवाला घेऊन गेला" असं उत्तर मिळालं. ते गाडीतच होते.

तुम्ही म्हणाल, चालवताना कळलं नाही? नाही कळलं, आणि ते न कळण्याची व्यवस्था त्यांनी केली होती. नव्या टायरमध्ये हवा ४२ पीएसआय भरली होती. इंधनाच्या झाकणाच्या आत फोक्सवॅगनने जो आकडा छापलाय त्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे गाडी कडक लागली, वळणावर लगेच फिरली, आणि मला वाटलं, वा, सस्पेन्शन बसलं. पुढे पंपावर हवा बघायला थांबलो तर पोरगा म्हणाला, "साहेब, बेताळीस बतावे छे. ओछी करुं?" कमी केली आणि गाडी परत डोलायला लागली. तेव्हाही मी गॅरेजला फोन केला, तर "नवे शॉकअप आहेत, सेट व्हायला वेळ लागतो." हे वाक्य कानावर पडलं की समजा, फसवलंय. शॉकअप बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करावंच लागतं, आणि त्याचा आधीचा-नंतरचा छापील कागद मिळतो. मला तो दिलाच नव्हता. तो कागद मागा.

रिमॅपचंही तेच. गाडी हातात आली तेव्हा घड्याळ चुकलेलं होतं. म्हणजे बॅटरीची वायर काढून परत लावली. तसं केलं की काही गाड्यांत गिअरबॉक्स आणि थ्रॉटलने शिकून ठेवलेलं पुसलं जातं, थोडे दिवस गाडी वेगळी वाटते, आणि पैसे मोजलेल्या माणसाला ती जोरदार वाटते. ओबीडीमधून (गाडी तपासायचं सॉकेट) इंजिनच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, फाइल टाकायला बॅटरी काढत नाहीत, उलट व्होल्टेज पडू नये म्हणून चार्जर लावून ठेवतात. मित्राकडे अशीच, हात न लावलेली पोलो आहे. ओबीडी अडॅप्टर लावून दोन्ही गाड्यांचे कॅलिब्रेशन आयडी आणि सीव्हीएन (ईसीयूतलं सॉफ्टवेअर कोणतं ते सांगणारे क्रमांक) काढले, तंतोतंत तेच. गॅरेजवाल्याने सांगितलं की आमची फाइल दिसू नये अशीच लिहितो. तसं काही ट्यूनर करतातही, म्हणून हा पुरावा तो उडवू शकला. मग तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन टर्बोच्या दाबाची नोंद घेतली. दोन्ही गाड्यांचा दाब एकाच रेषेत. आता याला काय लपवणार? रिमॅप करायचाच असेल तर आधी आणि नंतर, एकाच दिवशी, एकाच डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, गाडी लावा. ज्याला डायनो नको त्याला पैसे देऊ नका.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. पूर्ण तारीख बऱ्याचदा एकाच बाजूला असते. माझ्या चारही टायरची ती बाजू आतल्या अंगाला होती. ११२१, म्हणजे मार्च २०२१ चा माल, मला नोव्हेंबर २०२४ मध्ये नवीन म्हणून ९,२०० ला एक.

शेवटी मकरपुऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चाक उतरवलं, चिंधीला थिनर लावून शॉकअप पुसला. पिवळा रंग चिंधीवर आला, खाली काळा, आणि काळ्यावर फोक्सवॅगनच्या भागाचा क्रमांक. "भाई, आ तो कंपनीना ज छे." नटांवर पान्याचा एक ओरखडा नव्हता. त्यांनी माझ्याकडून पुसण्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

त्याच दिवशी गॅरेजवर गेलो. दादा म्हणणं बंद झालं होतं. "जा ना पोलिसात. गाडी मॉडिफाय केलीय म्हणून आधी तुमचंच आरसी जप्त होईल." हा धंदा याच धमकीवर चालतो. फसलेला माणूस आरटीओच्या भीतीने गप्प बसतो, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

आणि पोलिसांनी त्याचं म्हणणं खरं करून दाखवलं. ठाण्यात पहिला प्रश्न, "पाकुं बिल छे?" नाही म्हटल्यावर चेहराच बदलला. पैसे दुकानाच्या खात्यात नाहीत, मग दुकानाने घेतले कशावरून? सायबर विभागात जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतः जाऊन स्वतःच्या हाताने पैसे दिलेत, हे ऑनलाइन फसवणुकीत बसत नाही, ठाण्यात जा. परत ठाण्यात. आता दुसरे साहेब. ते म्हणाले हा दिवाणी मामला आहे, आणि वर मलाच उपदेश, गाडीत फेरफार करणं गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?

ठाऊक आहे! मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मी वाचलंय. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर दिलेला निकालही माहीत आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए प्रमाणे मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हेही माहीत आहे. पण त्याच कलम ५२ च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की फेरफार म्हणजे वाहनाच्या रचनेत असा बदल, ज्याने त्याचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. जुन्याच्या जागी त्याच उंचीचा चांगला शॉकअप घालणं त्यात कसं बसतं? रिमॅपबद्दल वाद घाला, ऐकून घेतो. आणि मुळात माझ्या गाडीत बदल झालाच नाही, हीच तर माझी तक्रार! गाडी कारखान्यातून आली तशीच आहे, फक्त वर रंग आहे. न झालेल्या बदलासाठी मी गुन्हेगार, आणि तो न करता लाखावर पैसे घेणारा सज्जन? हे मी टेबलापलीकडच्या माणसाला समजावत होतो आणि तो मोबाइल बघत होता. अर्ज घेतला, पोच द्यायला खळखळ केली. चौकशी चालू आहे, एवढंच आजवर ऐकतोय. चौकशीला त्या गॅरेजवर कोणी फिरकलेलं नाही, कारण त्यांचं शटर रोज उघडं असतं आणि आत नव्या नव्या गाड्या उभ्या असतात.

म्हणून तोंडी तक्रार करू नका. लेखी द्या, पोच घ्या, अर्जात भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लिहा. ठाण्याने गुन्हा नोंदवायला नकार दिला तर वरिष्ठ अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पाठवा, तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. आणि ग्राहक आयोगाला विसरू नका. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल होते, मुदत दोन वर्षांची. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. मी टर्बोच्या नोंदी, मिस्त्रींनी चाक उतरवल्यापासूनचा व्हिडिओ, यूपीआयच्या पावत्या आणि त्या 'सेट व्हायला वेळ लागतो'चं रेकॉर्डिंग, सगळं जोडलंय. पहिली तारीख लागली, गॅरेजवाला आला नाही.

शहरात अशा पिवळ्या शॉकअपवर फिरणाऱ्या गाड्या आणखी असणार. गेल्या वर्ष-दीड वर्षात तुम्ही असं काम करून घेतलं असेल तर रविवारी चाक उतरवून ब्रेकच्या नळीकडे बघा, कोपऱ्यात थिनरचा बोळा फिरवा. रंग सुटला तर पुसू नका, आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, मग मला कळवा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे आयोगाच्या परवानगीने अनेकांना मिळून एक तक्रार करता येते, आणि वकील म्हणतात की पुढच्या तारखेआधी तिघे-चौघे जरी मिळाले तरी अर्ज बदलून घेऊ.